सिद्धम्माला परत आणलं तेव्हा

मित्रांनो, तळहाताएवढा जस्ताचा पत्रा, त्याखाली सागाचा ठोकळा आणि पत्र्यावर बारीक ठिपक्यांनी उठवलेला एका बाईचा उलटा चेहरा, असा मी एक जुना ब्लॉक आहे. तुमच्या काळात फोटो कसेही छापतात. पूर्वी तसं नव्हतं. आधी माझ्यासारखा ब्लॉक करून आणायचा, तो शिशाच्या अक्षरांशेजारी घट्ट बसवायचा, शाई फिरवायची. कागद दाबला की चेहरा सुलटा उमटायचा.

माझ्यावरचा चेहरा सिद्धम्माचा आहे. ती खरी बाई होती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं सगळे नेमकं हेच विसरले.

देवणीकडच्या एका खेड्यात ती राहायची. बहात्तरच्या दुष्काळात गावची विहीर तळाला गेली. बायका दोराला धरून खाली उतरायच्या आणि कपारीत झिरपलेलं पाणी वाटीनं घागरीत भरायच्या. एकदा सिद्धम्मा दोन पोरींना घेऊन खाली होती आणि वरून माती गळायला लागली. दोर एकच, तोही एका वेळी एकालाच पेलणारा. तिनं एकीला वर पाठवलं. मग दुसरीला पाठवलं. दोर पुन्हा खाली सोडेपर्यंत दरड बसली होती. तिला काढता आलं नाही. गावानं विहीर बुजवली, जंगमानं काठावरच विधी केले आणि तीच तिची समाधी झाली.

दुसरी वर आलेली पोर म्हणजे तिची पुतणी शिवकांता.

ही शिवकांता मोठी होऊन लातुरात बालवाडीची बाई झाली. लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. कलेक्टर आला, कचेऱ्या आल्या, आणि कचेऱ्यांच्या जाहिराती मिळतात म्हटल्यावर गल्लोगल्ली साप्ताहिकं निघाली. त्यातलं एक गुरुबसप्पांचं. घरची डाळ मिल, पण त्यांना संपादक व्हायची हौस. त्यांच्या साप्ताहिकात शिवकांता दर आठवड्याला कादंबरीचा एक हप्ता लिहायची. विहीर खरी ठेवली, नाव खरं ठेवलं. सिद्धम्माचा मुलगा शंकरप्पा तेव्हा तरणाताठा झाला होता; त्याला विचारून ठेवलं. आईचा एकच फोटो त्याच्यापाशी होता, सिद्धेश्वराच्या यात्रेत काढलेला. तो त्यानं दिला. त्यावरून सोलापुरात माझा जन्म झाला.

माझे ते दिवस थाटाचे होते. दर हप्त्याच्या डोक्यावर मी. एसटी स्टँडावर लोक अंक उघडून आधी सिद्धम्माला बघायचे, मग बाजारभाव. ज्या हप्त्यात दरड बसली तो अंक तर दुपारपर्यंतच संपला. 

खरी कसोटी त्यानंतर होती. क्रमशः गोष्टीत माणूस मारणं सोपं असतं. लोक रडतात, अंक खपतो, आणि दोन हप्त्यांनी लेखकालाही मेलेल्याचं नाव आठवत नाही. शिवकांतानं ते होऊ दिलं नाही. तिच्या कादंबरीतल्या बायका दुसऱ्या विहिरीवर जायला लागल्या, पण भरलेली पहिली वाटी त्या सिद्धम्माच्या नावानं दगडावर ओतायच्या आणि मगच घागर भरायच्या. वाचलेली पोर दोराला हात लावायची नाही, त्यावरून सासरी भांडणं पेटायची. सिद्धम्मा पानावर नव्हती, आणि तिच्यावाचून एक पान पुढं सरकत नव्हतं.

गुरुबसप्पांना हे डाचायला लागलं.

“अगं, बाई मेली, आता पुढं चल की,” ते एकदा छापखान्यात म्हणाले. “दर हप्त्याला ती वाटी कशाला सांडायलीस? दुष्काळात पाणी सांडतंय का कोणी?”

“दुष्काळ हाय म्हणूनच सांडतेत, अण्णा. गंगेकाठी बसून सांडली तर तिला काय मोल?”

“लोक इसरले तिला.”

श्रीमंत नावाचा जुळारी शिशाची अक्षरं लावता लावता म्हणाला, “आमच्या घरी न्हाई इसरले, मालक. ते वाचल्यापासून बायकोनं माझी आंघोळ अर्ध्या बादलीवर आणली.”

“तू गप. तुला अर्धी बी जास्त हाय.”

त्या वर्षी पाऊस पुन्हा रुसला. बाजार बसला, अंकांचे गठ्ठे परत यायला लागले. पंधरा ऑगस्टचा विशेषांक तोंडावर होता. गुरुबसप्पांनी शिवकांताला बोलावलं आणि पान लावायला सांगावं तसं सांगितलं, “सिद्धम्माला परत आण.”

ती आधी हसली. मग तिला कळलं की हे खरंच म्हणायलेत.

“माझी चुलती हाय ती, अण्णा. तिच्या वाट्याच्या दोरावर मी वर आले.”

“खरी चुलती गेली, मला काय दुःख न्हाई का? पर ही कादंबरी हाय. हितं कोणी बी उठून बसतंय. लोकायला जरा आनंद दे की, आधीच रान करपलंय.”

“ती परत आली तर त्या पोरींवर कोणाचं काय ऋण राहिलं? तिनं दिलं काय मग?”

“तू लिहिती का मी लिहू?”

“मी न्हाई लिहिणार.”

ती गेली. गुरुबसप्पांनी स्वतः लिहिलं. दरडीमागं भुयार निघालं, भुयारातून सिद्धम्मा बाहेर पडली, स्मृती गेली, आणि इतकी वर्षं ती बिदरच्या दवाखान्यात होती. श्रीमंतनं मला पहिल्या पानावर बसवलं. खाली मोठ्या अक्षरात: ‘सिद्धम्मा जिवंत आहे’.

लोकांनी पेढे वाटले, मित्रांनो. वाचक म्हणजे फार शहाणे असा तुमचा समज असेल तर तो सोडून द्या. अंक पुन्हा छापावा लागला आणि गुरुबसप्पा गल्लीभर मान ताठ करून हिंडले. पुढच्याच महिन्यात त्यांनी कादंबरीतल्या एका मास्तराला पुरात टाकलं. समोरच्या हॉटेलात एकजण मोठ्यानं वाचत होता, दुसरा बशीतला चहा फुंकत म्हणाला, “बुडू दे रे. दोन आठवड्यांनी निघतंय बिदरला.” सगळं हॉटेल हसलं. त्या दिवसापासून त्या कादंबरीत कोणी मेलं तरी कोणाचा घास अडला नाही.

इथवर मी गिळलं असतं. पण एका सकाळी शंकरप्पा छापखान्यात आला. हातात पिशवी, पिशवीत नवं लुगडं.

“अण्णा, बिदरला दवाखाने लई हायेत म्हणतेत. कोणचा ते सांगा.”

गुरुबसप्पांना आधी काही उमगेना. उमगलं तसा त्यांचा चेहरा पडला. “अरे येड्या, ती कादंबरी हाय.”

“हाव की. पर आतापसवर लिव्हलेलं समदं खरं होतं. इहीर खरी, दोर खरा, फोटू बी माझ्या मायचाच. मग हेवढंच खोटं कसं?”

गुरुबसप्पा म्हणाले, “बस, चहा घे.”

“चहा नको. गाडी चुकंल.”

पुढचं मी पाहिलं नाही. शिवकांता नंतर श्रीमंतला सांगत होती ते ऐकलं. कळताच ती धावत स्टँडावर गेली, त्याचा हात धरून म्हणाली, हे मी लिहिलेलं न्हाई, माय गेली रे. त्यानं शांतपणे विचारलं, “अक्का, तू वर आलीस तवा मेलेली बघितलीस का तिला?” तिला खोटं बोलता येत नव्हतं. ती न्हाई म्हणाली. तो गाडीत चढला.

बिदरचे सगळे दवाखाने पालथे घालून तो परत आला, लुगडं तसंच घेऊन. गुरुबसप्पांनी पुढच्या अंकात खुलासा छापला नाही. खुलाशानं खप पडतो म्हणाले. पडायचा तो पडलाच. साप्ताहिक बंद झालं, मशीन विकली गेली, आणि श्रीमंतनं मला शिवकांताच्या घरी नेऊन दिलं. तिनं मला ट्रंकेत पालथं ठेवलं आहे. माझ्याकडं बघणं तिला सोसत नाही. तिला दोष देत नाही मी.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं सांगायची आमच्यात रीत आहे. मला जपू नका. भंगारात घाला, जस्त वितळून एखाद्या बादलीला लागेल, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. पण उद्या तुमच्यातलं कोणी गोष्टी लिहायला बसेल. त्या गोष्टीत कोणी दुसऱ्यासाठी जीव दिला, तर तो दिलेलाच राहू द्या. टाळ्यांसाठी परत मागू नका. तुम्ही तो परत आणता तेव्हा मेलेलं माणूस जिवंत होत नाही, त्यानं केलेलं तेवढं पुसलं जातं.

बुजलेल्या विहिरीवर शंकरप्पा दरवर्षी बेल वाहायचा. त्या वर्षापासून त्यानं ते बंद केलं. जिवंत माणसाच्या समाधीवर कोण बेल वाहील? आता त्याचेच केस पांढरे झालेत. बिदरकडून कोणी गावात आलं, की तो अजून त्याच्याजवळ जाऊन बसतो.