हळदीनं पाडलेला गट

सौंदडच्या बीज बँकेत डबे बारा, आणि गावातून धानाची बियाणी आली एकतीस घरांची. एका जातीचा एकच डबा ठेवायचा असं ठरलं होतं. कोणाचं बियाणं कोणाशी जुळतं, हे कॉम्प्युटरवर लावायचं काम दुर्गेश्वरीनं हौसेनं अंगावर घेतलं.

तिच्या न्यूरल नेटवर्कला, म्हणजे फोटो पाहून शिकणाऱ्या प्रोग्रॅमला, जातींची नावं सांगितलेलीच नव्हती. त्यानं दाण्यांचे फोटो पाहून आपणच ओळखायचं, कोण कोणासारखं. मग प्रत्येक दाण्याचा एक ठिपका, मिळत्याजुळत्या दाण्यांना जोडणाऱ्या रेघा, आणि रेघांची दाटी झाली की तो एक गट. त्यात शेजारच्या सुमित्राबाईचा धान श्यामलालच्या, म्हणजे दुर्गेश्वरीच्या बापाच्या, गटात गेला. डबा बापाला मिळाला, बाईचा धान बाद झाला.

"चाळीस वर्सं सांभाळला मी. तो वेगळाच हाय," सुमित्राबाई म्हणाली. "तुया मशीनले काऊन दिसून नाही राहिला?"

गुडघे गेल्यामुळे बाईनं यंदा धानाची बांधी, म्हणजे शेतच, दुसऱ्याला कसायला दिली होती. डब्यात गेला नाही तर तो धान संपलाच. दुर्गेश्वरीला ते सहन होईना.

तिनं त्या गटाची एकेक रेघ तपासली. लांब दाणा चक्क आखूड दाण्याला जोडलेला! फोटो मोठा केला, तर टरफलाच्या शिरांत पिवळं दिसलं. बियाणं घराबाहेर द्यायचं तर गावातल्या काही घरच्या बायका चिमूटभर हळद चोळून देतात, दुर्गेश्वरीच्या आणि सुमित्राबाईच्याही घरी. गावातला बकाराम एकटा माणूस, त्यानं बियाणं कोरंच दिलं होतं, म्हणून त्याचा गट वेगळा पडून त्याला डबा मिळाला होता. मशीननं हळदीचाच गट पाडला होता, आणि याच गावात वाढलेल्या दुर्गेश्वरीला ते सुचलं नव्हतं. तिला स्वतःचीच लाज वाटली.

नमुन्याचे सगळे दाणे तिनं धुतले, सावलीत वाळवले आणि चार दिवस खपून बाराशे फोटो नव्यानं काढले. मान धरली, तरी काम सोडलं नाही.

रेघांच्या नव्या जाळ्यात सुमित्राबाईचा धान अगदी वेगळा निघाला. श्यामलालच्या रेघा मात्र सगळ्या बकारामकडे गेल्या, आणि बकारामचा डबा आधीच ठरलेला होता. तिनं यादीतलं बापाचं नाव खोडलं, तिथे सुमित्राबाईचं लिहिलं आणि घरी जाऊन सरळ सांगून टाकलं.

"राहू द्याची होती हळद," श्यामलाल म्हणाला.

"सुमित्राकाकूचा धान गेला असता, बाबा."

दुर्गेश्वरीला फार वाईट वाटत होतं, पण नाव परत लिहायची तिची तयारी नव्हती. शेवटी त्यानं पायात चपला घातल्या.

"सुमित्रावहिनीले मीच सांगतो," तो म्हणाला. "माया डबा लागला म्हणून गावभर मीच सांगत फिरलो होतो."