व्हॅनगार्डच्या पट्टीवरचे आकडे

दातारांनी बॉनेट उघडलं, आतल्या पत्र्याच्या पट्टीवरची धूळ रुमालाने पुसली आणि नाकावर घसरलेल्या चष्म्यातून चॅसी नंबर वाचला. मग हातातल्या आरसी बुकातला नंबर वाचला, आणि त्यांना मनापासून आनंद झाला. दोन्ही जुळत नव्हते.

"पट्टीवर एकवीस, त्र्याऐंशी, चाळीस. पुस्तकात एकवीस, अडतीस, चाळीस."

"टायपो असेल ना, सर?" अनिरुद्ध म्हणाला.

दातारांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. हा हिंजवडीचा मुलगा गेले दोन महिने जुनी गाडी शोधत होता. चालवायला नव्हे, बंगल्यासमोर उभी करायला. पंक्चर झालेलं चाक बदलायचं तर माणूस बोलावणारा, आणि हौस मात्र पन्नास वर्षांपूर्वीच्या व्हॅनगार्डची. असल्यांच्या जिवावर निवृत्तीनंतरचे दिवस मजेत जातात, हे दातार खासगीत कबूल करत. पुण्यात जुन्या गाडीचा व्यवहार असला की आधी दातारांना बोलवायचं, हा रिवाजच पडला होता. परिवहन खात्यात बत्तीस वर्षं इन्स्पेक्टर म्हणून काढलेला माणूस. कागद खोटा असेल तर त्याला वासाने कळतो, असं लोक म्हणत. ते लोकांना प्रथम कोणी सांगितलं, हे दातारांना चांगलं ठाऊक होतं.

"टायपो तुमच्या कॉम्प्युटरात होतात," ते म्हणाले. "गाड्यांच्या दुनियेत त्याला चोरी म्हणतात. हे बघा, पट्टीला मूळचे रिवेट नाहीत, स्क्रू आहेत. एका गाडीची पट्टी काढून दुसरीला लावली की झालं."

पायरीवर उभ्या असलेल्या रतन ओव्हाळ हे ऐकत होत्या. चाळिशीच्या, लोणी काळभोरच्या कॉलेजात गणित शिकवणाऱ्या. बिबवेवाडीतलं हे घर बिल्डरला दिलं होतं, महिनाअखेर ते पाडायचं होतं. वडिलांची गाडी ठेवायला जागा उरणार नव्हती. अनिरुद्धने घेतली नाही तर भंगारवाला घेऊन जाणार होता.

"बाबांनी रंग दिला तेव्हा पट्टी काढली होती. स्क्रू तेव्हाचे आहेत," त्या म्हणाल्या.

"असं सगळेच सांगतात, बाई."

आरसी बुकावर 'सीताराम ओव्हाळ' हे नाव वाचलं तेव्हाच दातारांच्या ओठाचा कोपरा वर गेला होता. धरणाच्या कामावरचा ओव्हरसिअर आणि सन चौऱ्याहत्तरमध्ये व्हॅनगार्ड! असल्या माणसाकडे असली गाडी सरळ मार्गाने येते होय?

"एका इंजिनिअरच्या बायकोकडून घेतली होती त्यांनी," रतनताई म्हणाल्या. "पावती आहे. पण नंबर चुकीचा म्हणून आयुष्यभर गाडी धायरीच्या पुढे नेली नाही. कोणी अडवलं तर चोर म्हणतील, म्हणायचे. ते गेले. आता आपण 'चोरीची' असं लिहून दिलंत तर तेवढंच राहील त्यांच्या नावावर."

"मी लिहीत नाही, गाडी लिहिते. अजून एक नंबर असतो, खाली चौकटीवर ठोकलेला. तो बदलता येत नाही."

गाडीखाली कोण जाणार, हा प्रश्न निघाला. अनिरुद्धने आपल्या पांढऱ्या पँटकडे पाहिलं आणि धुळीच्या अ‍ॅलर्जीबद्दल काहीतरी सांगितलं. दातार कुत्सित हसले.

"राहू द्या. मी स्वतः खाली गेल्याशिवाय कधी नंबर लिहिला नाही. बत्तीस वर्षांत एकदाही नाही."

रतनताईंनी गोणपाट आणून दिलं. चौसष्टाव्या वर्षी गोणपाटावर पाठ टेकायची म्हणजे सोपं काम नाही. दातार कण्हत, खात्यातल्या नव्या पोरांच्या नावाने बोटं मोडत आत सरकले. खरवडून गंज काढला, आकड्यांवर पातळ कागद धरला आणि पेन्सिल आडवी घासली. करड्या रंगात एकेक आकडा वर आला. एकवीस. आठ. तीन. चाळीस.

त्यांनी दुसरा कागद लावला. तेच आकडे आले.

बाहेर येऊन ते काही वेळ कपडे झटकत राहिले. एवढा चांगला चोर हातचा गेला म्हणून त्यांना खरोखरच वाईट वाटलं.

"पट्टी बरोबर आहे," शेवटी ते म्हणाले. "पुस्तक चुकलंय. कोणीतरी गाढवाने आठ-तीनचे तीन-आठ केले."

"म्हणजे गाडी क्लीन आहे? सुपर!" अनिरुद्ध म्हणाला. "पण एवढी सिंपल चूक कोणी करेक्ट कशी केली नाही?"

"बाबांनी अर्ज केला होता," म्हणत रतनताई आत गेल्या आणि प्लास्टिकच्या पिशवीतला एक पिवळा कागद घेऊन आल्या. त्यांनी तो दातारांच्या हातात दिला.

अर्जाचं अक्षर शाळामास्तरासारखं नीट होतं. समासात तिरका शेरा होता: 'नंबर अर्जदारानेच गाडीखाली जाऊन वाचून दाखविला होता. चूक अर्जदाराची. नामंजूर.' खाली कागदाच्या कडेपर्यंत ओढलेल्या शेपटीची सही.

दातारांनी तो शेरा दोनदा वाचला. सही त्यांना वाचावी लागली नाही. सीताराम ओव्हाळ मात्र काही केल्या आठवेना. ना चेहरा, ना गाडी. तसे शेरे त्यांनी किती मारले होते याचा हिशोबच नव्हता, आणि त्याचीच आता त्यांना लाज वाटली.

"सही वाचता येत नाही," रतनताई म्हणाल्या. "आपण तेव्हा त्याच कचेरीत होता ना? कोणाची असेल?"

"सांगता येत नाही. पुष्कळ जण होते."

"असतील."

दातार पायरीवर बसले आणि मांडीवर वही ठेवून दाखला लिहू लागले. चौकटीवरचा व पट्टीवरचा नंबर एकच आहे, मालकाचा काहीही दोष नाही, नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याची चूक आहे. 'अधिकाऱ्याची' हा शब्द लिहायला त्यांना वेळ लागला. खाली त्यांनी बाळबोध अक्षरात पूर्ण नाव लिहिलं, श्रीनिवास गजानन दातार, आणि कागद पुढे केला.

"सर, सही?" अनिरुद्ध म्हणाला. "तुमच्या कार्डवर आहे तशीच पाहिजे. इन्शुरन्सवाले मॅच करतात."

दातारांनी कागद परत घेतला. सही केली. हात थांबवायचा म्हटला तरी शेपूट कडेपर्यंत गेलीच.

रतनताईंनी दाखला घेतला, अर्जाशेजारी धरला आणि शांतपणे दोन्ही कागद पाहिले. मग अर्जाची घडी घालून तो पिशवीत ठेवला आणि दाखला अनिरुद्धला दिला. त्याने खूश होऊन गाडीचे फोटो काढायला सुरुवात केली.

"बाबा नंबर वाचायला गाडीखाली गेले, तेव्हा मी मागच्या सीटवर होते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "नऊ वर्षांची. आपण झाडाखाली खुर्चीत बसला होतात. बाबांनी थर्मासमधला चहा पुढे केला होता. आपण नको म्हणालात."

दातारांनी मांडीवरची वही मिटली.

"म्हणून आज मी चहाचं विचारलं नाही."