ढमाबाईंना चालणाऱ्या तारा

सराव संपला तेव्हा ड्रमच्या काठ्या पिशवीत खुपसत माझी नणंद म्हणाली, "वहिनी, तू तार वाकवत होतीस की तिची समजूत घालत होतीस?"

कीबोर्डवाला फिस्सकन हसला. मलाही हसावं लागलं, कारण ती खोटं बोलत नव्हती. गाण्याच्या मधोमध गिटारचा एक तुकडा आहे, मीच बसवलेला. त्यात बोटानं तार वर ढकलून सूर चढवायचा असतो. माझा सूर आज अर्ध्या जिन्यातच बसून राहिला होता.

बाळंतपणाआधी मी अकराच्या तारा वाजवायचे. नऊ, दहा, अकरा हे सगळ्यात बारीक तारेच्या जाडीचे आकडे. आकडा वाढला की तारा जाड आणि बोटांचे हाल. अकरा वाजवणारी बाई म्हणून माझा तोराही होता. पण गेलं वर्षभर गिटार खोळीत राहिली, बोटांवरचे घट्टे गेले आणि बोटं ढमाबाईंच्या बोटांइतकी मऊ झाली. ढमाबाई म्हणजे माझी लेक. गालांमुळे हे नाव पडलं, आणि मान आपसूक मिळाला.

"रविवारच्या कार्यक्रमापर्यंत जमलं नाही, तर तो तुकडा कीबोर्डवर घेऊ," नणंद म्हणाली. "तू मागे उभी राहा. छान दिसशील."

"मागे तू असतेस. तिथं आणखी कोणी मावत नाही."

बोलून तर बसले, पण तो तुकडा हातचा जाणार या विचारानं घरी येईपर्यंत मी आपली मऊ बोटं अंगठ्यानं दाबून बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी वाद्यांच्या दुकानात गेले. दुकानदारानं माझी बोटं पाहिली आणि चंदेरी पाकीट पुढे केलं. "ताई, अकरा विसरा. या नऊच्या घ्या. लखलखीत आवाज, शेवटच्या रांगेत ऐकू जाईल."

मला शेवटच्या रांगेची काळजी नव्हती. काळजी होती ती पाठीवरच्या रांगेची. ढमाबाई दुपारी फक्त माझ्या पाठीला झोळीत बांधल्यावर झोपतात. तेवढाच माझा सराव. अँपला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या पेटीला, न जोडलेली इलेक्ट्रिक गिटार पंख्यापेक्षा मोठ्यानं बोलत नाही, म्हणून ते जमायचं.

नऊच्या तारा बोटांना लोण्यासारख्या वाटल्या. बारीक तार ढकलली, सूर पार वरच्या पायरीवर गेला. खुशीत मी जाड तारेवरून बोट सर्रकन खाली आणलं आणि तार चीं करून किंचाळली. जाड तारांवर बारीक तारेची गुंडाळी असते, बोट तिच्यावर खरवडतं. पाठीवर हालचाल झाली. मग माझे केस मुठीत आले, आणि सराव संपल्याचं मला कळवण्यात आलं.

तीन दुपारी असंच. सूर चढायचा, तार किंचाळायची, केस ओढले जायचे.

"तुमच्या तारा कुरकुरतात," मी दुकानदाराला म्हटलं.

"ताई, अहो, सगळ्यांच्याच कुरकुरतात."

"ज्या कुरकुरत नाहीत त्या दाखवा."

त्यानं वरच्या फळीवरून तपकिरी पाकीट काढलं. यांची गुंडाळी सपाट, काचेसारखी गुळगुळीत. "पण या संथ वाजवणाऱ्यांसाठी. आवाज दबका. शिवाय तिसरी तारही गुंडाळलेली, तुमच्या बोटांना वाकायची नाही."

"मग बारीक तीन तुमच्या चंदेरी पाकिटातल्याच राहू देत. जाड तीन या लावते."

"एका गिटारवर दोन कंपन्या?" त्यानं पाकीट छातीशी धरलं. "असं कोणी करत नाही."

"माझ्या घरात दोन आडनावं आहेत. चाललंय की."

संध्याकाळी नणंद आली. गिटारकडे मान तिरपी करून बघत राहिली. "अर्धी तरुण, अर्धी म्हातारी. मालकिणीवर गेलीये." मग अँपला जोडून तिनं जाड तारा छेडल्या. "घोंगडी पांघरून बोलल्यासारख्या वाटतात गं."

"तू वाजवायला लागलीस की घोंगडी काय, मीसुद्धा ऐकू येत नाही."

उरलेल्या दुपारी मी तोच तुकडा घोळवत राहिले. वर चढायचं, सर्रकन खाली यायचं. पाठीवर उबदार ओझं, मानेवर लाळ. एकदाही केस ओढले गेले नाहीत.

रविवारी सभागृहात ढमाबाई आपल्या बाबांच्या कडेवर मागच्या दाराशी होत्या, कानांवर आवाज अडवणारे मोठे थोरले कानबंद. पहिल्या गाण्यापासून त्यांनी जो सूर लावला, तो कानबंद न लावलेल्या सगळ्यांना ऐकू गेला. आमचं गाणं सुरू झालं तरी चालूच. नणंदेनं ड्रममागून माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या. आता कोण वरचढ, असा त्याचा अर्थ.

माझा तुकडा आला. मी तार ढकलली. ती चढली, वर पोचली, तिथं थरथरत उभी राहिली. मग मी सर्रकन खाली आले, आवाज न करता, आणि पुन्हा वर. मान वर केली तेव्हा दाराशी शांतता होती. बाबांनी तळहात गालाखाली ठेवून खूण केली: झोपली.

गाणं संपल्यावर नणंद घाम पुसत म्हणाली, "सूर चढला हं वहिनी. पण तुझ्या वाजवण्यानं लोकांना झोप लागते."

"लोकांना नाही, एकीलाच. आणि आता तिला न उठवता घरी न्यायचं काम आत्याचं."