दिवेवाल्याची उशिराची उडी

मित्रांनो, मी एक जुनी जॉयस्टिक आहे. काळा चौकोनी डबा, त्यातून वर आलेला दांडा आणि कोपऱ्यात एक लाल बटण, एवढाच माझा थाट. मला हात नाहीत, तरी माझ्यामुळे एका म्हाताऱ्या माणसावर चोरीचा आळ आला. आळ खोटा होता हे पहिल्या दिवसापासून मला ठाऊक होतं, पण तोंडही नसल्यामुळे मला गप्प बसावं लागलं. ते सगळं तुम्हाला सांगून टाकलं, तर माझ्या जिवाला जरा स्वस्थता लाभेल.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथे टेबलांची रांग होती आणि शेवटच्या टेबलावर एक बाई बसत. प्रत्येक जॉयस्टिकचं बटण त्या दहादा दाबायच्या, कान लावून ऐकायच्या आणि मगच पुढे सोडायच्या. माझ्या लाल बटणाखाली तांब्याची एक पातळ पत्री आहे. बटण दाबलं की पत्री वाकते, खालच्या खिळ्याला टेकते आणि खेळाला निरोप जातो. मी तेव्हा इतकी तल्लख होते, की बोट टेकायचा अवकाश, निरोप पोचलाच म्हणून समजा. बाईंनी मला एकदाच ऐकलं आणि म्हणाल्या, "ही झाली." हे मी आजही मिरवते.

मला एका खेळाच्या यंत्राबरोबर खोक्यात बसवलं. सोबत एकच खेळ होता, 'दिवेवाला'. एक उंच मनोरा, त्याचे चाळीस मजले. दिवेवाल्याने शिड्या चढायच्या, तुटलेल्या पायऱ्यांवरून उड्या मारायच्या आणि अंधार पडायच्या आत प्रत्येक मजल्यावरचा दिवा लावायचा. उडी माझ्या लाल बटणावर होती. एका मामाने ते खोकं आपल्या भाच्यांना आणून दिलं. भाचा दहा वर्षांचा, भाची आठ वर्षांची. तो दादा आणि ती छोटी. आज ती पन्नाशीला आली आहे, तरी दादा तिला छोटीच म्हणतो, म्हणून मीही म्हणते.

एका दुपारी दादाने पलंगावरून खाली उडी टाकली ती थेट माझ्यावर. कट् असा आवाज झाला. त्याने इकडेतिकडे बघितलं, बटण दाबून पाहिलं, ते चाललं. मला जागेवर ठेवून तो सटकला आणि त्याने कोणाजवळ ब्र काढला नाही. आत माझी पत्री वाकली होती. आता बटण तळाला टेकेपर्यंत निरोप जात नव्हता. उशीर डोळ्याची पापणी लवण्याइतकाच. त्या संध्याकाळी छोटी तिसऱ्या मजल्यावर तीनदा पडली. मग तिच्या बोटाने आपणहून जुळवून घेतलं आणि ते थोडं आधी दाबायला शिकलं. चार दिवसांत दोघंही विसरून गेली की उडी कधी वेगळी होती. त्यांच्यासाठी तोच खरा दिवेवाला झाला.

पुढे दोघं मोठी झाली. दादा लिफ्ट दुरुस्त करायला लागला. छोटी दातांच्या कवळ्या बनवू लागली. मी मात्र माळ्यावर, बिघडलेली इस्त्री आणि गेलेले बल्ब यांच्या संगतीत धूळ खात पडले. घर बदलताना खोकं खाली आलं. छोटीने मला ओल्या फडक्याने पुसलं, यंत्र जोडलं आणि ते खोकल्यासारखा आवाज करत चालू झालं, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं असतं.

खेळ आणखी कुठे मिळतो का, हे तिने खूप शोधलं. मिळत नव्हता. कंपनी केव्हाच बुडाली होती आणि जुनी यंत्रं एकेक करून बंद पडत होती. "हा खेळ आपल्याबरोबरच संपणार बघ," ती दादाला म्हणाली. मग तिने ठरवलं, आजच्या कॉम्प्युटरवर चालणारा दिवेवाला आपण बनवायचा आणि लोकांना फुकट द्यायचा. रविवारच्या वर्गाला जाऊन ती प्रोग्रॅमिंग शिकली. मनोऱ्याची वीट न् वीट तिने स्वतः रंगवली. दिवा लागल्याचा आवाज म्हणून स्वतःची शीळ घातली. पण मजले, शिड्या, तुटक्या पायऱ्या आणि उड्या मात्र मूळ खेळात होत्या तशाच, तंतोतंत.

उडीसाठी तिने काय केलं ऐका. माझ्यावरचं तिचं बोट आणि पडद्यावरचा दिवेवाला, दोन्ही एकाच वेळी कॅमेऱ्यात टिपले. मग बोट खाली गेल्यापासून पाय उचलेपर्यंत चित्राच्या किती चौकटी जातात त्या मोजल्या. चार. वहीत लिहिलं, 'उडी: चार'. मी धडधाकट असते तर तिथे एक आला असता. तिने ते चाळीस वेळा मोजलं, कामात अशी चोख, आणि चाळीसही वेळा मी तिची फसवणूक केली.

चार वर्षांनी खेळ तयार झाला. लोकांनी तो डोक्यावर घेतला. तिला 'दिवेवाली' म्हणू लागले. दादा तर लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना बाहेर काढता काढता बहिणीचं कौतुक ऐकवायचा. एकदा मात्र तो तिला म्हणाला, "अगं, पण खेळ मुळात दुसऱ्या कोणाचा ना?"

"कंपनी बुडाली, दादा. आता तो कोणाचाच नाही."

"कोणीतरी बनवला असेलच की."

"खोक्यावर नाव आहे का कोणाचं?"

दादाने खोकं उलटसुलट करून पाहिलं. नाव नव्हतं. विषय तिथेच संपला.

आणि मग एके दिवशी आणखी एक 'दिवेवाला' निघाला. हा विकतचा होता. काढणारा कोणी अनोळखी म्हातारा होता. दोन दिवसांत लोक त्याच्यावर तुटून पडले. बटण दाबताच उडतो, उडी चुकली आहे, म्हणाले, हा आमचा दिवेवाला नव्हे. खरं काय ते सांगा म्हणून सगळे छोटीकडे आले. छोटीने मला पुन्हा जोडलं, पुन्हा मोजलं. चार. तिने इंटरनेटवर सगळ्यांसमोर लिहिलं, "मी मूळ यंत्रावर मोजलंय. नव्या खेळातली उडी चुकीची आहे."

खाली कोणीतरी लिहिलं, "म्हातारा चोर आहे. दिवेवालीचा खेळ उचलून विकतोय आणि तोही धड जमलेला नाही."

छोटीने त्याला एका शब्दात उत्तर दिलं. "बरोबर."

मित्रांनो, तो शब्द तिने लिहिला तेव्हा मी तिच्या मांडीवर होते.

तीन आठवड्यांनी त्या म्हाताऱ्याचं पत्र आलं. 'मूळ दिवेवाला मी एकट्याने लिहिला होता. बरीच वर्षं पत्रव्यवहार केल्यावर त्याचे हक्क मला परत मिळाले आहेत. रविवारी सकाळी दहाला येतो. तुम्ही कशावर मोजलंत, ते बघायचं आहे.' छोटीच्या तोंडचं पाणी पळालं. तिने दादाला बोलावून घेतलं. "वकील घेऊन आला तर?" ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "मी कोणाचं काही घेतलं नाही, दादा. फुकट दिलंय सगळं."

"मग घाबरतेस कशाला?" दादा म्हणाला, पण रविवारी तोही कामावरच्या कपड्यांतच येऊन बसला होता, खिशात हत्यारं तशीच.

म्हातारा एकटाच आला. खुर्चीवर बसला, पाणी प्यायला आणि यंत्राकडे बघत राहिला. "खेळू का?" त्याने विचारलं. छोटीने मला त्याच्या हातात दिलं. हात सुरकुतलेला होता, पण बोट हलकं होतं. पहिला मजला, दुसरा मजला, तिसऱ्यावर दिवेवाला पडला. परत पडला. तिसऱ्यांदाही पडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बघा काका," छोटी म्हणाली. तिचा आवाज आता थोडा सैल झाला होता. "उडी इथे अशीच आहे. मी मनाचं काही घातलेलं नाही."

 म्हाताऱ्याने मला कानाजवळ नेलं आणि लाल बटण सावकाश दाबलं. त्या शेडमधल्या बाईंनंतर मला असं कान देऊन कोणी ऐकलं नव्हतं. "स्क्रूड्रायव्हर आहे का?" त्याने विचारलं. दादाने खिशातून काढून दिला. चार स्क्रू निघाले, माझं झाकण उघडलं आणि इतक्या वर्षांनी माझ्या पत्रीवर उजेड पडला.

"ही वाकलीय," म्हातारा म्हणाला. "झिजून अशी वाकत नाही. कशानेतरी दबलीय."

 छोटीने दादाकडे बघितलं. दादा जमिनीकडे बघत होता.

"मी पाय दिला होता," तो शेवटी म्हणाला. "दहा वर्षांचा होतो गं. चालत होतं की ते. मला काय माहीत."

म्हाताऱ्याने नखाने पत्री सरळ केली, झाकण लावलं आणि पुन्हा खेळायला घेतलं. तिसऱ्या मजल्यावर त्याचं बोट टेकलं आणि दिवेवाला त्याच क्षणी उडाला. छोटी उठली, कॅमेरा आणला आणि मोजलं. एक. परत मोजलं. एक. तिसऱ्यांदाही एकच.

"जुन्या कवळीवरून साचा काढला मी," ती म्हणाली. तिच्या कामाच्या खोलीत ही गोष्ट तिने कधीच कोणाला करू दिली नव्हती, कारण जुन्या कवळीची झीज नव्या कवळीत उतरते आणि माणसाचा घास चुकतो. मोजायचं ते तोंडातून, असा तिचा कडक नियम. खेळाच्या बाबतीत तो तिला आठवलाच नाही.

म्हाताऱ्याने खिशातून एक कागद काढून तिच्यापुढे धरला. 'म्हातारा चोर आहे' ते वाक्य आणि खाली तिचा तो एक शब्द. "माझ्या नातीने मला हे दाखवलं," तो म्हणाला. "आजोबा, हे खरं आहे का, विचारत होती."

"काका, मी एक पैसा घेतला नाही हो कोणाकडून."

"पैशांचं मी बोललोच नाही. तुम्ही मला विचारलं नाहीत."

"कोणाला विचारणार होते? खोक्यावर नाव नव्हतं."

"लावू दिलं नव्हतं त्यांनी. ते खरंय." म्हातारा म्हणाला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "आणखी एक सांगतो. शेवटच्या आठ मजल्यांचे माझे कागद वाळवीने खाल्ले. ते मजले मी तुमच्या खेळात बघून परत उतरवून घेतले. तुम्ही केला नसता तर ते गेलेच होते."

छोटीने मान वर केली. "मग तुम्हीही मला विचारलं नाहीत."

"नाही विचारलं," म्हातारा म्हणाला. "ते सांगायलाच स्वतः आलो, नाहीतर पत्रावर भागलं असतं. त्या आठ मजल्यांवर तुमचं नाव घालतो, चालत असेल तर."

"घाला," छोटी म्हणाली. "मला आवडेल."

दादाला वाटलं मिटलं सगळं. तो पाण्याचा पेला उचलायला वाकला. पण छोटी म्हाताऱ्यासमोर येऊन उभी राहिली, लहानपणी शाळेत उभी राहायची तशी. "आता विचारते," ती म्हणाली. "काका, तुमचा खेळ मी बनवून लोकांना फुकट देऊ का? उडी नीट करून, वर तुमचं नाव घालून?"

तिची चार वर्षं त्या प्रश्नात होती. म्हाताऱ्याने मला हातात फिरवून पाहिलं. 

"नाही," तो म्हणाला. "आत्ता नको. लोकांना आधी एकदा माझा खेळ माझ्या हातून बघू दे. तेव्हा कंपनीच्या नावाने बघितला, आता तुमच्या नावाने बघतायत. मी पुढे नसेन तेव्हा तुम्ही खुशाल करा. पण आत्ता नाही."

दादा उसळून काहीतरी बोलणार होता. छोटीने हाताने त्याला थांबवलं. "बरं," ती म्हणाली. ती आतल्या खोलीत गेली आणि मला तिच्या बोटांचा कीबोर्डवरचा आवाज ऐकू आला. तिने तिचा खेळ इंटरनेटवरून काढून टाकला. त्या जागी लिहिलं की उडीचं माप चुकीचं होतं, चूक तिची आहे, 'बरोबर' हा शब्द ती मागे घेते आणि हा खेळ ज्यांचा आहे ते अमुक गृहस्थ. ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण तिने म्हाताऱ्याला दारापर्यंत सोडलं.

तुम्हाला वाटेल, लोकांनी तिला शाबासकी दिली. छे. ती घाबरली म्हणाले, विकली गेली म्हणाले. ज्यांनी तिचा खेळ आधीच उतरवून घेतला होता, त्यांच्याकडे तो आजही चालतो, माझ्या वाकलेल्या पत्रीच्या उशिरासकट. तो आता कोणालाच परत बोलावता येत नाही. छोटीने चांगलं केलं की वाईट, हे मला सांगता येत नाही. तिच्यामुळे आठ मजले वाचले आणि तिच्याचमुळे ज्याने ते बांधले त्याला नातीपुढे खाली बघावं लागलं. दोन्ही खरं आहे.

मित्रांनो, तुमच्याजवळ मागणं एवढंच. एखादी गोष्ट कितीही आवडली आणि ती तुम्ही फुकट वाटणार असलात, तरी ती कोणी केली हे आधी शोधा, त्या माणसाला विचारा आणि तो नाही म्हणेल हे धरून विचारा. आणि एखाद्या वस्तूवर चुकून पाय पडला, तर त्याच दिवशी सांगा. वस्तूला बोलता येत नाही.

मी आता दुरुस्त आहे. रोज सकाळी कामाला बसण्याआधी छोटी म्हाताऱ्याचा विकत घेतलेला दिवेवाला लावते आणि मला कॉम्प्युटरला जोडून हातात घेते. तिचं बोट अजून थोडं आधी दाबतं. लहानपणापासूनची सवय ती. दिवेवाला लवकर उडतो आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडतो.  पुन्हा पहिल्या मजल्यापासून सुरू करते.