ओल कुठून आली

समजा, तुम्ही नऊ वर्षांचे आहात. दुपारभर अंगणातल्या बर्फात लोळून घरात आला आहात. एक बूट निघालाय, दुसऱ्याची नाडी भिजून घट्ट बसली आहे, आणि दाराजवळच्या बाकड्यावर बसून तुम्ही तिच्याशी झटापट करता आहात. आतल्या खोलीत तुमचा आजोबा फोनवर बोलतो आहे. आवाज त्याचाच, पण रोजचा नाही. एखाद्याकडून काम काढून घ्यायचं असलं की माणसं लावतात तो. आणि त्या आवाजात तो तुमच्याबद्दल काहीतरी सांगतो, जे तुम्ही कधी केलेलंच नाही.

नाडीवरचे हात थांबतील की नाही?

हिल्लाचे थांबले. तिला क्षणभर तिथेच बसू द्या आणि आत या, त्या फोनवरच्या माणसाजवळ. कारण त्या घडीला दोघांमध्ये जास्त अडचणीत तो होता.

विल्हो टीव्हीसमोर उभा होता. टीव्ही एवढा मोठा, की शेजारचा पेंट्टी म्हणायचा, या घरात भिंतीला टीव्ही टांगलेला नाही, टीव्हीला भिंत टांगली आहे. पण महिनाभरापासून पडद्याच्या खालच्या काठावरून एक दुधी सावट वर चढत चाललं होतं. बातम्या सांगणारी बाई कमरेपर्यंत धुक्यात बुडालेली दिसे. विल्होनं कंपनीला फोटो पाठवले होते, टीव्हीच्या पाठीवरचा नंबर कळवला होता, आणि दर खेपेला नव्या माणसाला पहिल्यापासून सगळं सांगितलं होतं. आज कुठे शांतपणे ऐकून घेणारी बाई मिळाली होती. फोटो पाहून ती म्हणाली, की आमच्या माणसांच्या मते आत ओल शिरली आहे. टीव्ही कधी दमट जागी ठेवला होता का?

"छे," विल्हो म्हणाला. "इथंच असतो. बैठकीच्या खोलीत."

मग ओल आली कुठून, असं तिनं विचारलं. तिच्या आवाजात संशय नव्हता, तिला खरंच कोडं पडलं होतं. संशय असता तर विल्हो सावध झाला असता. त्याची नजर खोलीभर उत्तर शोधत फिरली आणि खिडकीखालच्या हीटरवर थांबली. तिथे हिल्लाची शाळेत घालायची लाल हातमोज्यांची जोडी वाळत पडली होती.

"आमची नात," तो म्हणाला. "बर्फातून येते आणि ओले हातमोजे टीव्हीच्या मागं टाकते. तिथं ऊब लागते ना. लहान आहे, काय बोलणार."

बाई हसली. तिच्याही घरी दोन मुलं होती, आणि एकदा तिला पावाच्या डब्यात ओला मोजा सापडला होता. थोडा वेळ ती कुणाशीतरी बोलून आली. मुलांचं असं होतंच, ती म्हणाली. कंपनी हे समजून घेईल आणि टीव्ही बदलून देईल.

"आणि हो," फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "मुलीला रागावू नका."

"नाही रागावणार," विल्हो म्हणाला.

तो वळला, तर दारात हिल्ला उभी होती. एका पायात बूट.

ओल कुठून आली होती ते तिला ठाऊक होतं. ती त्या वेळी तिथेच होती. वसाहतीची सौना, म्हणजे सगळ्यांची मिळून वाफेची न्हाणी, अंगणापलीकडे, लाकडी बसक्या घरात. प्रत्येकाची पाळी ठरलेली. शुक्रवारची संध्याकाळ म्हाताऱ्यांची. आणि नेमका त्याच शुक्रवारी स्वीडनशी बर्फावरच्या हॉकीचा सामना आला. सौनाची पाळी सोडणं कुणाच्या मनातही आलं नाही. स्वीडनशी सामना सोडणं तर शक्यच नव्हतं. तेव्हा विल्हो म्हणाला, टीव्हीच तिकडे नेऊ. घोंगडीत गुंडाळून, हिल्लाच्या घसरगाडीवर आडवा घालून त्यांनी तो अंगणातून ओढत नेला. पुढे पेंट्टी दोरी ओढत होता, मागे विल्हो, आणि बाजूनं हिल्ला दोन्ही हातांनी घोंगडी धरून चालत होती. नाकातले केस गोठावेत अशी थंडी. ते गारठलेलं धूड त्यांनी कपडे बदलायच्या गरम खोलीत बाकावर उभं केलं आणि लगेच सुरू केलं. म्हातारे टॉवेल गुंडाळून बसले. सामना थांबला, की सगळे आत वाफ घ्यायला पळत. सुरू झाला, की बाहेर. मधलं दार कुणी धड लावलंच नाही. प्रत्येक वेळी वाफेचा लोट बाहेर यायचा, आणि पडद्यावरचं पाणी पेंट्टी आपल्या टॉवेलनं पुसायचा. हिल्ला कोपऱ्यात सॉसेज खात ओरडत होती. त्या हिवाळ्यातली ती सगळ्यात मजेची संध्याकाळ होती.

आता ती दारात उभी राहून आजोबाकडे, तिच्या उक्कीकडे, बघत होती.

"त्या बाईंना माझं नाव सांगितलंस, उक्की?"

"नाव नाही सांगितलं."

"पण नात म्हणालास. तुला दुसरी नात नाही."

विल्होनं फोन टेबलावर ठेवला, मग उचलून कपाटावर ठेवला. "अगं, या लोकांना काहीतरी सांगावं लागतं," तो म्हणाला. "त्यांचंही काम होतं, आपलंही. तुला कोण ओळखतं तिथं?"

 दुसरा बूट हिल्लानं काढलाच नाही. काढलेला पुन्हा चढवला. हीटरवरचे लाल हातमोजे उचलले, दाबून पाहिले. ते अजून ओलेच होते. ते तिनं दप्तरात कोंबले आणि आई येईपर्यंत कोट न काढता बाकड्यावर बसून राहिली.

विल्हो चाळीस वर्षं शाळेत सुतारकाम शिकवत होता. हातून फळी वाकडी कापली गेली तर पोरं ती ढिगाखाली लपवत, आणि तो ती शोधून काढून, न रागावता, पुन्हा कापायला लावी. अर्ध्या गावाला त्यानं रंधा धरायला शिकवला होता. पोराची मान खाली गेली की काय करायचं, हे त्याला माहीत होतं. स्वतःची गेली की काय करायचं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

नवा टीव्ही आला. दोन तरुण मुलांनी तो बसवला आणि जुना घेऊन गेली. शुक्रवारची मंडळी तो बघायला म्हणून जमली, दालचिनीचे पाव आणि कॉफी झाली. जमवलंस कसं, असं पेंट्टीनं विचारलं.

"आमच्या मेहुण्याचा गेला तेव्हा कंपनीनं त्याला वाटेला लावलं. तू काय रडून दाखवलंस की काय?"

"बोलता आलं पाहिजे," विल्हो म्हणाला, आणि लगेच कॉफी ओतायला उठला, कुणाचाच कप रिकामा नसताना.

"हिल्ला, तू तरी सांग. तू असतेस इथं. काय जादू केली या मास्तरनं?"

हिल्ला टीव्हीकडे पाठ करून पाव खात होती. "मला नको विचारू," ती म्हणाली. "उक्कीला विचार."

सगळे हसले. विल्होही हसला, आणि कॉफी बशीत सांडली.

शाळा सुटल्यावर ती अजूनही त्याच्याकडेच येई, कारण मारितला, तिच्या आईला, कामावरून यायला संध्याकाळ होई. ती अभ्यास करी, विचारलं तर उत्तर देई. टीव्ही लावू का म्हटलं तर नको म्हणे. पण विल्होला सलत होती ती दुसरीच गोष्ट. ती आता त्याच्या घरात काहीच वाळत घालत नसे. बर्फातून आली, की ओले हातमोजे पिशवीत घाली आणि निघताना तेच पुन्हा चढवी. तो हीटरवरची जागा मोकळी करून ठेवी. ती जागा मोकळीच राही.

एका संध्याकाळी मारितनं लेकीचे हात हातात घेतले आणि ते सोडेचना.

"बाबा, हिचे हात बर्फासारखे आहेत. इथं वाळवत का नाही ही हातमोजे? हीटर बंद असतो का?"

हिल्लानं आजोबाकडे पाहिलं. तिनं त्याला वेळ दिला, भरपूर दिला. विल्हो उभ्या उभ्या हीटरला हात लावून पाहू लागला, जणू तो बंद असण्याचीच शक्यता होती.

"मी विसरते," हिल्ला म्हणाली.

त्या रात्री त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी, ती शाळेत असताना, त्यानं कंपनीला फोन लावला. ती बाई नव्हती. एका मुलानं फोन घेतला. विल्होनं सगळं सांगितलं: सौना, घसरगाडी, स्वीडन. नात नाही, मीच. मुलगा ऐकत होता. मग त्यानं विचारलं, की नवा टीव्ही नीट चालतो आहे ना? चालतो आहे, विल्हो म्हणाला. तर मग तक्रार मिटली आहे आणि मिटलेली तक्रार त्याला उघडता येत नाही, असं मुलानं अगदी नम्रपणे सांगितलं. वाटल्यास वरच्यांना कळवतो म्हणाला, पण त्यांनाही काही करायचं असेल असं त्याला वाटत नव्हतं. शेवटी त्यानं विचारलं, की आमच्या सेवेवर आपण समाधानी आहात का?

विल्हो फोन हातात धरून बराच वेळ बसला. चुकीचं दार ठोठावलं होतं, हे त्याच्या लक्षात आलं. खरं दार रोज दुपारी आपणहून त्याच्या घरी येत होतं.

शनिवार हा विल्होच्या घरच्यांचा सौनाचा दिवस. हिल्ला तान्ही होती तेव्हापासून वाफेच्या खोलीतल्या वरच्या फळीवर त्याच्या शेजारी बसायची. अलीकडे तिचं डोकं दुखे, नाहीतर अभ्यास निघे. या शनिवारी मात्र मारितनं ऐकलं नाही. जरा अंगात ऊब येऊ दे, म्हणून तिला पाठवलंच, आणि स्वतः घरी स्वयंपाकाला लागली.

हिल्ला आली. पण कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसली, कोटाची बटणं लावलेलीच. विल्होनं तिला काही म्हटलं नाही. तो एकटाच आत गेला, वर चढून बसला आणि मधलं दार वीतभर उघडं ठेवलं.

आत जवळजवळ अंधारच होता. सौनात देवळात वागावं तसं वागावं, असं त्याची आई सांगायची. तिथं भांडायचं नाही, शिवी द्यायची नाही, खोटं बोलायचं नाही. तिथं एक सोयही असते. कुणाला कुणाचं तोंड नीट दिसत नाही.

"हिल्ला," तो म्हणाला. "ऐकू येतंय का?"

"येतंय."

"टीव्ही मी खराब केला. सौनात आणायची अक्कल माझी. वय झालेल्या माणसानं असा वेडेपणा केला, हे त्या बाईंना सांगायची लाज वाटली. म्हणून तुझं नाव पुढं केलं." तो थांबला. "कंपनीला मी सांगितलंय. त्यांना त्याचं काही नाही. तुझ्या आईला आज जेवताना सांगणार. पेंट्टीलाही सांगेन."

 चुलीवरचे दगड तापून तडतडत होते.

"तुला दुसरं कुणी सुचलं नाही?" हिल्लानं विचारलं.

हा प्रश्न त्याला अपेक्षित नव्हता. पेंट्टीचं नाव घेता आलं असतं. पाण्याच्या नळावर ढकलता आलं असतं. उन्हाळ्यात छत गळलं होतं, ते सांगता आलं असतं. खोटंच बोलायचं, तर किती तरी वाटा मोकळ्या होत्या. उत्तर त्याला माहीत होतं.

"सुचलं असतं," तो म्हणाला. "पण तुझ्यावर कुणी रागावणार नाही, हे मला माहीत होतं. आणि तू मला काही म्हणणार नाहीस, हेही."

 मला माफ कर, असं म्हणायचं त्यानं ठरवलं होतं. पण एवढं बोलून झाल्यावर आणखी काही मागायचा धीर त्याला झाला नाही. हात गुडघ्यांवर ठेवून तो अंधारात बसून राहिला.

बाहेर एकेक बटण सुटल्याचा आवाज आला. मग बूट जमिनीवर पडले, एक आणि दुसरा. दार उघडलं, हिल्ला आत आली आणि तिनं ते आपल्यामागे नीट लावून घेतलं.

वर त्याच्या शेजारी ती चढली नाही. अगदी खालच्या फळीवर, त्याच्याकडे पाठ करून, गुडघे पोटाशी घेऊन बसली. मग तिनं बादलीतली लाकडी पळी उचलली, काठोकाठ भरली आणि तापल्या दगडांवर ओतली. वाफ फुसकारत वर उसळली आणि छताला लागून विल्होच्या खांद्यांवर, कानांवर उतरली. त्यानं मान खाली घातली, पण जागचा हलला नाही.

हिल्लानं मागे वळून पाहिलं. तो अजून तिथेच आहे, एवढं पाहिलं, आणि पळी पुन्हा बादलीत बुडवली.