दाराआड काय होतं, ते मला ठाऊक होतं

मला ओळखलं नाहीत ना? साहजिक आहे. मी आडोसा आहे. पुठ्ठ्याचा, तीन पाखांचा, टेबलावर उभा राहणारा. माझ्यामागे बसून माणसं गोष्ट सांगतात आणि मी त्यांची गुपितं राखतो.

जन्माने मी बंगळूरच्या चिकपेटचा. अस्तराच्या कापडाची थानं ज्या पुठ्ठ्यांवर गुंडाळून येतात, त्यातलेच आम्ही तिघे. कापड विकलं गेलं की आमची रवानगी रद्दीत. पण दुकानाच्या मालकाचा मुलगा श्रीरंग तेव्हा कॉलेजात होता. त्याने तीन पुठ्ठे उचलले, कापडाच्या पट्ट्या चिकटवून जोडले, आणि मी झालो. त्याच्या दोस्ताने, शामसुंदरने, माझ्या बाहेरच्या अंगावर पोस्टर कलरने डोंगर, धुकं आणि एक बुडालेलं शहर रंगवलं. धुकं जरा जास्तच झालं. शामसुंदर म्हणाला, "असू दे की, हॉलोमार आहे ते."

हॉलोमार हे एका परदेशी खेळातलं जग. त्या खेळात पट नसतो, सोंगट्या नसतात. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात आणि फासे टाकून आपलं नशीब अजमावतात. पुस्तक होतं, म्हणजे पुस्तकाची झेरॉक्स होती. ती काढणारी कंपनी कधीच बुडाली होती. पण दर रविवारी दुकान बंद असायचं, आणि माळ्यावर श्रीरंग, त्याची धाकटी बहीण पवित्रा आणि शामसुंदर, असे तिघे जमायचे. खारा बन, कॉफी आणि हॉलोमार. गोष्ट सांगायचा श्रीरंग. लग्नं झाली, शामसुंदरला होसकोटेच्या कारखान्यात नोकरी लागली, के. आर. पुरमला घर झालं, तरी रविवार सुटला नाही.

शामसुंदरचं पात्र म्हणजे एक वाटाड्या. त्याचा धाकटा भाऊ त्या बुडालेल्या शहरात हरवलेला. एकोणीस वर्षं तो भावाला शोधत होता. आणि एका रविवारी तो पाण्याखालच्या पितळी दारापाशी पोचला. दारावर हात ठेवला. "आता फासा पुढच्या रविवारी," श्रीरंग म्हणाला. त्याला असं अडवून ठेवायला फार आवडायचं.

त्याच आठवड्यात माझ्या आतल्या अंगावर त्याने एक चिठ्ठी डकवली. पेन्सिलीने लिहिलेली, चार ओळींची. दाराआड भाऊ आहे. जिवंत आहे. चूल पेटवून बसला आहे. म्हणतो, तू येणार हे मला माहीत होतं. लिहिताना श्रीरंगचे डोळे भरून आले होते. ते फक्त मी पाहिलं.

पुढच्या रविवारी पवित्रा धावतच जिना चढली. "अण्णा, हॉलोमार परत येतंय! नव्या कंपनीने हक्क घेतलेत. वर्षभरात बुडालेल्या शहराचं अख्खं वर्णन देणार आहेत!"

तिघे नाचायचेच बाकी होते. मग पवित्रालाच शंका आली. "आज आपण दार उघडलं आणि पुस्तकात काही वेगळंच निघालं, तर?"

"मग इतक्या वर्षांचं सगळं चुकलंच की," श्रीरंग म्हणाला. "थांबू या. खरं काय ते येऊ दे."

"सरी, चालेल," शामसुंदर म्हणाला. "वर्षभर काय, कळणारही नाही."

झालं. खेळ थांबला. वर्षाची दोन झाली, दोनाची पाच. दिवाळीत येणार म्हणून सांगितलं, मग उन्हाळ्यात, मग साथीमुळे पुढे गेलं. हे तिघे मात्र दर रविवारी न चुकता जमायचे. कंपनीने दाखवलेल्या एका चित्रात बुरूज तीन की चार, यावर दोन-दोन तास वाद. हॉलोमारचे जुने देव गाळणार म्हणून श्रीरंग आणि पवित्रा तर महिनाभर बोलत नव्हते. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, दुसरं काय? मी कोपऱ्यात मिटलेला. अंगावर धूळ. फासे डबीत. माणसं वाट पाहायला लागली की हातातलं टाकून देतात, हे मी तेव्हा शिकलो.

मग शामसुंदरची किडनी गेली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. तरी रविवारी तो मेट्रोने यायचा, जिन्यात दोनदा बसायचा. एके रविवारी पवित्रा आली नव्हती. त्याने स्वतः मला काढलं, शर्टाच्या बाहीने पुसलं आणि टेबलावर उभं केलं.

"अण्णा, फासा टाकतो. स्वल्प सांग की. दार उघडलं की काय दिसतं?"

श्रीरंग माझ्यामागे बसला. समोर त्याचीच चिठ्ठी. त्याने ती वाचली. ओठ हलले. माझा जीव गोळा झाला. सांग, बाबा, सांगून टाक.

"आता कशाला रे? तीन महिन्यांत पुस्तक येतंय. त्यात खरं असेल तेच ऐक."

"मला खरं नको. तुझं पायजे."

श्रीरंग हसला, विषय बदलला. तो दुष्ट नव्हता. चिकपेटात अस्तर विकणाऱ्याने माळ्यावर बसून लिहिलेल्या चार ओळी, त्या साहेबांच्या छापील पुस्तकापुढे काय टिकणार, असं त्याला मनापासून वाटत होतं. शामसुंदरने फासा परत डबीत ठेवला. जाताना म्हणाला, "बघ, मी नसलो तरी थांब म्हणावं त्याला." कोणाला, ते श्रीरंगने विचारलं नाही.

आषाढात शामसुंदर गेला. पुस्तक दसऱ्यानंतर आलं.

जाडजूड, गुळगुळीत कागद, चित्रं अशी की माझ्या अंगावरच्या रंगांची मलाच लाज वाटावी. पवित्राने बुडालेलं शहर काढलं. पितळी दाराचं पान सापडलं. तिने वाचलं आणि पुस्तक तसंच श्रीरंगपुढे सरकवलं. त्याने मोठ्याने वाचलं. दारामागे काय आहे, ते या पुस्तकात सांगितलेलं नाही. ते प्रत्येक सांगणाऱ्याने आपल्या माणसांकडे पाहून ठरवावं.

पवित्राने पुस्तक मिटलं. म्हणाली, "तू ठरवलं होतंस का काही, अण्णा?"

श्रीरंगने मला तिच्याकडे फिरवलं. इतक्या वर्षांत आतलं अंग खेळणाऱ्याला दाखवायची ही पहिलीच वेळ. तिने चार ओळी वाचल्या आणि पदर तोंडाला लावला.

"टाक की फासा त्याच्या वतीने," तो म्हणाला.

"नाही अण्णा. ज्याचं पात्र त्याचाच फासा. तूच शिकवलंस."

ते दार आता कोणी उघडायचं नाही. श्रीरंगला नव्या मुलांचे फोन येतात, सर, आम्हाला हॉलोमार खेळवा म्हणून. तो नाही म्हणतो. माळा विकायला काढलाय. मी परत थानांच्या पुठ्ठ्यांत येऊन पडलोय. पावसाचं पाणी लागून उजवं पाख फुगलंय. उद्या-परवा रद्दीवाला नेईल. त्याचं मला काही नाही.

तुमच्यापाशी कोणासाठी काही सांगायचं राखून ठेवलं असेल, तर जा आणि सांगून या. चुकलं तर चुकू दे. त्या रविवारी शामसुंदर माझ्यापासून हातभर अंतरावर बसला होता, आणि मला तोंड नव्हतं. श्रीरंगला होतं.