केळीत फेकलेली चटई

नाकिमेराने बैठकीतली चटई गुंडाळली, अंगणात आणली आणि कुंपणापलीकडच्या केळीच्या बागेत भिरकावून दिली. सहा आठवडे तिचा नवरा त्या चटईवर झोपत होता.

एरवी सेबोवा ट्रक घेऊन मोम्बासाला जायचा, महिन्यातून चार दिवस घरी. टाळेबंदीने त्याला घरात बसवलं. त्याच आठवड्यात चर्चचे उपदेशक कायोंडो मास्तर कर्ण्यावरून म्हणाले, माणसं मरताहेत, साथ सरेपर्यंत नवराबायकोने वेगळं निजावं. सेबोवाने ऐकलं. तेव्हापासून मिठावरून भांडण, कोंबड्यांवरून भांडण. परवा त्याने थाळी आपटली आणि दिवसभर गुडघ्यांत डोकं घालून ओट्यावर बसून राहिला.

"अगं, लोक बघतायत," तो दारातून म्हणाला.

"बघू देत."

बातमी पोचायला वेळ लागला नाही. तासाभरात कायोंडो सायकलवरून आले. गावातल्या बायका त्यांना गुडघे टेकून नमस्कार करत. नाकिमेरा उभीच राहिली.

"शेजारी प्रेतं उचलतायत, आणि तुला पलंग सुचतोय?"

"म्हणूनच सुचतोय. गेलेल्यांना शेवटचा हातही लावू दिला नाहीत. हा तर जिवंत आहे. याला का लावू नको?"

"लाज कशी वाटत नाही?"

"आमच्या लग्नात 'दोघं एक देह' हे तुम्हीच वाचलंत ना, मास्तर? मोठ्याने वाचलंत. तेव्हा लाजला नाहीत."

कुंपणापलीकडे कुणीतरी फिसकन हसलं. सेबोवा बाहेर आला, बायकोच्या शेजारी उभा राहिला.

"तिचं खरं आहे, मास्तर. गाडीत एकटा असतो तेव्हा चालतं. पण घरात एकटं नाही राहवत."

एवढं बोलून तो आत गेला.

कायोंडो मात्र हलले नाहीत. त्यांनी रस्त्यावर दोन्ही बाजूंना पाहिलं. आवाज खाली आणला.

"आमच्या घरी... ती मागच्या खोलीत गेली ती गेलीच. आता मी हाक मारतो तरी दार उघडत नाही. काय सांगू तिला?"

नाकिमेराच्या ओठांवर आलेला टोमणा तिने गिळला.

"सांगू नका काही. विचारा."

"काय विचारू?"

"कशी आहेस म्हणून. इतक्या दिवसांत एकदा तरी विचारलंत का?"

ते सायकलच्या घंटीवरून अंगठा फिरवत राहिले.

"लग्न झाल्यापासून नाही," ते म्हणाले.